सही एकाची, नाव दुसऱ्याचं

ब्रिटनची राणी, म्हणजे ऑस्ट्रेलियाचीही, गेली त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात वेबसाइटवाल्यांचं काम एकदम वाढलं. सिडनीतल्या पॅरामॅटाच्या एका सरकारी खात्यात मी वेबसाइट सांभाळते. कायदे, नियम, नोटिसा लोकांना नीट वाचता येतील अशा चढवायच्या, एवढंच माझं काम. वरून सांगण्यात आलं की जिथे जिथे 'हर मॅजेस्टी' असेल तिथे 'हिज मॅजेस्टी' करा, आणि क्वीन असेल तिथे किंग. माझ्या बाजूला बसणाऱ्या सहकाऱ्याने चाचणीच्या साइटवर एका फटक्यात सगळे शब्द बदलले आणि क्वीन्सलँड राज्याचं किंग्सलँड होऊन बसलं. आम्ही पोट धरून हसलो. मग एकेक पान उघडून हाताने दुरुस्त करत बसलो.

ते करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्याकडच्या प्रत्येक नियमाच्या डोक्यावर एक ओळ असते, की राज्याचे गव्हर्नर, कार्यकारी मंडळाच्या सल्ल्याने, पुढील नियम करीत आहेत. ही ओळ मी वर्षानुवर्षं कॉपी-पेस्ट करत आले होते. ते गव्हर्नर कोण, ते राजाच्या वतीने बसतात म्हणजे नक्की काय करतात, आणि त्यांनी एखाद्या दिवशी सही करायला नकार दिला तर काय होईल, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. कुत्र्याच्या पट्ट्याच्या नियमालाही राजाच्या माणसाची सही लागते हे वाचून मी तेव्हा नुसतंच 'बरं' म्हटलं आणि पुढच्या पानाकडे वळले.

विचार करायची वेळ आली ती पप्पा आल्यावर.

मी मेलबर्नला, क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आले होते. शिक्षण, मग नोकरीसाठी सिडनी, मग पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मग लग्न, मग ब्लॅकटाउनला घर, असं एकातून एक होत गेलं. माझा नवरा हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. त्याने सिटिझनशिप माझ्या आधीच घेतली होती. शिफ्ट संपवून तसाच समारंभाला गेला, शपथ घेतली, घरी येऊन झोपला. मी मात्र टाळत राहिले. कारण विचारलं तर मला सांगता आलं नसतं. शेवटी अर्ज केला, परीक्षा दिली. परीक्षेत प्रश्न होता, ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रप्रमुख कोण? मी राजावर खूण केली. बरोबर. सगळ्या देशाचे गव्हर्नर जनरल काय करतात? राजाचं प्रतिनिधित्व. तेही बरोबर. सगळी उत्तरं बरोबर आली आणि अर्थ एकाचाही कळला नव्हता, तरी पास झाले.

पप्पा समारंभासाठी म्हणून आले. मम्मी गेल्यापासून ते कल्याणला एकटेच असतात. तिथल्याच एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. इतर मास्तर ज्या विषयाचा तास गणिताला देऊन टाकत, तो पप्पा जीव ओतून शिकवायचे. आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी संविधानाची प्रत असते आणि वंदना झाली की उद्देशिका वाचली जाते. मला पाढ्यांच्या आधी उद्देशिका पाठ होती. तेव्हा आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना पप्पांनी जे विचारलं, तेच विचारतील हे मला ठाऊक असायला हवं होतं.

"बाळा, शपथ कुणाच्या नावाने घ्यायची?"

मी म्हटलं, देशाशी आणि इथल्या लोकांशी निष्ठेची शपथ आहे. देवाच्या साक्षीने हवी तर तशी, नको तर तशी. मी देवाशिवायची घेणार आहे. हे ऐकून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, राजाचं नाव नाही? मी म्हटलं, नाही, पूर्वी होतं, आता काढलंय. मग इथले खासदार? मी फोनवर शोधलं. खासदार मात्र राजाच्याच नावाने शपथ घेतात.

पप्पांनी कप खाली ठेवला. "म्हणजे जो निवडून येतो तो राजाला बांधील, आणि तू बाहेरून येणारी मात्र नाही?"

मी ऑफिसला उशीर होतोय असं सांगून सटकले. संध्याकाळी घरी येताना ऑफिसच्या लायब्ररीतून ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेची छोटी पुस्तिका त्यांच्यासाठी आणली. वाटलं होतं, चार दिवस वाचत बसतील, शांत होतील. झालं उलटंच.

आपली घटना जाडजूड. ही इतकी बारीक की पप्पांना आधी वाटलं हा सारांश असावा. त्यांनी ती पेन्सिल घेऊन वाचली, आणि दुसऱ्या दिवशी मी दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच त्यांनी सुरुवात केली. यात लिहिलंय की देशाची कार्यकारी सत्ता राणीच्या ठायी आहे आणि ती गव्हर्नर जनरल वापरतील. सैन्याचे सरसेनापती गव्हर्नर जनरल. मंत्री नेमणार ते, आणि मंत्री पदावर राहणार ते त्यांच्या मर्जीवर. संसद बोलावणार ते, विसर्जित करणार ते. वर आणि, संसदेने केलेला, सही होऊन लागू झालेला कायदासुद्धा राणीला वर्षभराच्या आत रद्द करता येतो.

"आणि पंतप्रधान?" मी विचारलं.

"तेच तर. मी दोनदा शोधलं. पंतप्रधान हा शब्दच नाही यात."

मला वाटलं त्यांची नजर चुकली असेल. चष्मा जुना झाला होता त्यांचा. मी ऑफिसच्या सवयीने संगणकावर पूर्ण मजकूर उघडला आणि शब्द शोधला. खरंच नव्हता. ज्या माणसाचा चेहरा रोज टीव्हीवर दिसतो, ज्याच्यावर आम्ही लंचला तावातावाने बोलतो, त्याच्या पदाचा देशाच्या घटनेत उल्लेखच नाही. आणि ज्या राणीचा उल्लेख पानोपानी आहे ती आता जिवंत नाही. राणी म्हटलं की तिच्यामागून गादीवर येणारे सगळे धरायचे, असं सुरुवातीलाच एका कलमात सांगून ठेवलंय म्हणे. म्हणजे आम्ही आठवडाभर खपून वेबसाइटवर शब्द बदलले, आणि मूळ घटनेत राणी आहे तशीच.

मी आणखी वाचलं, ऑफिसातल्या एका वकिलाला विचारलं, आणि जसं मला कळलं तसं पप्पांना समजावायला बसले. म्हटलं, पप्पा, हे सगळं कागदावर आहे. प्रत्यक्षात राजा आणि गव्हर्नर जनरल सरकारच्या सल्ल्यानेच वागतात. कायदा रद्द करायचा तो अधिकार तर कधी कुणी वापरलेलाच नाही. ते म्हणाले, सल्ल्याने वागायचं असं कुठे लिहिलंय? मी म्हटलं, लिहिलेलं नाही, ते कन्व्हेन्शन आहे.

"मराठीत सांग."

मला शब्द सुचेना. प्रथा म्हणावं, संकेत म्हणावा की काय म्हणावं. मी फोनवर पाहिलं आणि पहिला आला तो वाचून दाखवला. "रूढी."

पेन्सिल पुस्तिकेत खुणेला ठेवून पप्पांनी ती मिटली. मग शांतपणे म्हणाले, "माझ्या आजोबांनी गावच्या पाणवठ्यावर जायचं नाही, हे कुठल्या कागदावर लिहिलं होतं? कुठेच नाही. सगळ्यांना माहीत होतं, बस. ते मोडायला आम्हाला कागद लागला. आणि तू म्हणतेस इथे कागदात राजा आहे आणि लोकांना सांभाळते ती रूढी?"

मी म्हटलं, हो, तसंच दिसतंय. पण मला ते म्हणताना कसंतरीच झालं. मी ऑफिसमध्ये या गोष्टीकडे फक्त गंमत म्हणून पाहिलं होतं. आमच्या घरात रूढी हा शब्द चांगल्या अर्थाने कधी कुणी वापरलाच नव्हता. एकीकडे वाटत होतं, पप्पा बरोबर बोलतायत, जे लिहिलेलं नाही त्याच्यावर विसंबायचं कसं. दुसरीकडे इथे इतकी वर्षं काढली होती, आणि कुणा राजाने मला ट्रेनमधून उतरवलं नव्हतं की घर घेताना अडवलं नव्हतं. ज्याने त्रास दिला तो प्रत्येक वेळी साधासुधा माणूसच होता, निवडून दिलेलाही नाही आणि नेमलेलाही नाही. हे सगळं एकत्र बसवायला गेले की डोक्यात नुसता गुंता व्हायचा.

आमच्या शेजारी एक बाई राहते. एकटीच, सत्तरी ओलांडलेली, मागच्या अंगणात टोमॅटो लावते. पप्पा दुपारी उन्हात बसायचे आणि कुंपणावरून तिच्याशी इंग्रजीत बोलायचे. ती बाई सगळ्यांनाच लाडाने 'लव्ह' म्हणते. पप्पांना पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ते घरात येऊन मला हळूच विचारू लागले, याचा अर्थ काय घ्यायचा. नावाने हाक मारा असं तिने कितीदा सांगितलं, तरी ते मॅडमच म्हणत राहिले.

एका शनिवारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा पप्पांनी तिला सरळ विचारलं की तुमच्या राजाने कधी आपला अधिकार वापरला आहे का. मला वाटलं ती हसून सोडून देईल. तिने हातमोजे काढले आणि कुंपणाशी येऊन उभी राहिली.

गोष्ट १९७५ची, ती तेव्हा विशीतली होती, शहरातल्या एका ऑफिसात टायपिस्ट. संसदेच्या वरच्या सभागृहाने सरकारच्या खर्चाच्या मंजुरीचा ठराव अडवून धरला होता, कित्येक दिवस पेच चालला होता. पंतप्रधान हटत नव्हते, विरोधक हटत नव्हते. एका दुपारी रेडिओवर आलं की गव्हर्नर जनरलनी पंतप्रधानांना काढून टाकलं आणि विरोधी पक्षनेत्याला निवडणुकीपर्यंत काळजीवाहू नेमलं. ती म्हणाली, आमच्या टायपिंगच्या खोलीत सगळ्या मशीन थांबल्या. त्या संध्याकाळी ती आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात गेली, घसा बसेपर्यंत ओरडली. घरी आली तर तिचे वडील बिअर घेऊन बसले होते आणि खूश होते. पुढे निवडणूक झाली, आणि लोकांनी त्या काढलेल्या पंतप्रधानांना दणकून हरवलं.

पप्पांनी विचारलं, राणी काय म्हणाली? बाईने खांदे उडवले. म्हणाली, संसदेतून राणीला कळवलं होतं की हे चुकीचं झालंय, मध्ये पडा. तिकडून उत्तर आलं की तुमच्या घटनेने हा अधिकार गव्हर्नर जनरलना दिलाय, राणीने त्यात पडणं योग्य नाही.

पप्पा कुंपणाच्या फळीवर हात ठेवून उभे होते. मराठीत, माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे नाव राणीचं, सही त्याची, आणि जबाबदार कुणीच नाही."

मी ते बाईला इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, हो, मला आजही राग येतो. मग पप्पांनी साहजिकच विचारलं की पुढे प्रजासत्ताक करायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा तुम्ही प्रजासत्ताकाला मत दिलं असेल. ती म्हणाली, नाही. तिने नको म्हणूनच मत दिलं. कारण राष्ट्राध्यक्ष संसद निवडणार होती, लोक नाही. राजकारण्यांनी निवडलेल्यापेक्षा लांब बसलेली म्हातारी राणी परवडली, असं तिला वाटलं.

"पण मॅडम, तुम्ही राणीवर रागावला होता."

"तिच्यावर नाही, लव्ह," ती म्हणाली. मग हातमोजे परत चढवत, "बरं, तिच्यावरही. मला माहीत नाही. अजून विचार करते कधी कधी."

त्या रात्री जेवताना पप्पा म्हणाले की मी समारंभाला येईन, पण अजून मला कळलेलं नाही. आणि तुला हे आत्ताच करायला हवं का याचा एकदा विचार कर. नवरा म्हणाला, पप्पा, मी शपथ घेतली तेव्हा इतका विचार केला असता तर अजून लाइनीतच उभा असतो. पप्पा हसले, पण मला झोप लागली नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून आपलं नागरिकत्व सोडावं लागणार होतं. ज्या पुस्तकाला आमच्या घरात हात जोडतात, त्याच्या छत्राखालून निघून मी अशा कागदाखाली जाणार होते ज्यावर माझा धड विश्वासही नव्हता आणि अविश्वासही नव्हता. समारंभ पुढे ढकलता येतो का हे मी वेबसाइटवर शोधलं. येत होता. मी तो फॉर्म उघडला, पाहिला आणि बंद केला. का बंद केला ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

समारंभ आमच्या भागातल्या कौन्सिलच्या हॉलमध्ये होता. शेजारच्या बाईने स्वतःहून गाडी काढली. नवऱ्याची शिफ्ट होती, म्हणून पप्पा आणि ती अशी दोघं पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसली. पप्पांनी कोट घातला होता. समोर झेंडे, आणि बाजूला राजाचा फोटो. फोटोतला राजा थोडा दमलेला वाटत होता. देवाच्या साक्षीने घेणारे आधी उभे राहिले, मग आम्ही. इथल्या लोकांच्या लोकशाहीवरच्या श्रद्धेत मी सहभागी आहे, त्यांच्या हक्कांचा आणि स्वातंत्र्याचा मी आदर करते, त्यांचे कायदे मी पाळीन. म्हणताना एका ठिकाणी मी अडखळले. उद्देशिका म्हणताना 'आम्ही' म्हणायची सवय, आणि इथे 'मी' होतं. कदाचित त्याने असेल.

मग निवेदकाने सांगितलं की सभागृहातल्या इतर नागरिकांचीही इच्छा असेल तर त्यांनीही उभं राहून प्रतिज्ञा म्हणावी. मागे वळून पाहिलं तर शेजारची बाई उभी होती आणि समोरच्या पडद्यावर वाचत वाचत म्हणत होती. पप्पा तिच्याकडे बघत राहिले होते. नंतर चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आम्ही इथे जन्मलो, आम्हाला हे कधी कुणी म्हणायला सांगितलंच नाही. आज पहिल्यांदाच म्हटलं.

चहाबरोबर लॅमिंग्टन नावाचे केक होते, चॉकलेट आणि खोबऱ्याचे. पप्पांनी एक उचलला आणि माझं अभिनंदन करायला आलेल्या एका नगरसेवकाला गाठलं. तो माणूस लेबनीज घरातला, गप्पिष्ट. पप्पांनी त्याला विचारलं की तुमचा राजा तुम्हाला हवा आहे का. तो म्हणाला, खरं सांगू का काका, राजाचं सोडा, त्या घटनेत आमच्या कौन्सिलचं नावही नाही. राज्य सरकारने चौकशी लावून ठरवलं तर आम्हा सगळ्यांना घरी पाठवू शकतं, गव्हर्नरच्या सहीने. तुम्ही मात्र टेन्शन घेऊ नका, नो वरीज.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते माझ्या खात्याच्या कामात येत होतं, खरं होतं. पप्पा म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही लोकांनी निवडलंय आणि काढणार दुसरंच कुणी." तो म्हणाला, हो की. आणि दोघंही हसत सुटले. मला ते हसू कशाचं ते कळलं नाही. पण पप्पा इथे आल्यापासून पहिल्यांदाच असे मोकळे हसत होते, म्हणून मीही हसले.

घरी येताना गाडीत ते म्हणाले, "मला पटलं नाही. पण तू शपथ घेतलीस ते वाईट झालं असं काही वाटत नाहीये. असं का, ते विचारू नकोस."



ते परत गेल्यावर मधे काही महिने गेले. एका रविवारी त्यांचा फोन आला. त्यांच्या विहारात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या घटनेवर छोटं भाषण दिलं होतं, आणि मागे बसलेल्या एका मुलीने विचारलं की गव्हर्नर जनरल पंतप्रधानाला काढू शकतो, तर पंतप्रधान गव्हर्नर जनरलला काढू शकतो का? पप्पांनी तिला सांगितलं होतं, माझ्या मुलीला विचारून सांगतो.

मी ऑफिसातल्या वकिलाला पुन्हा विचारलं. काढू शकतो, असं तो म्हणाला. पंतप्रधानाने राजाला तसा सल्ला द्यायचा आणि राजाने तो ऐकायचा. मग त्या जुन्या पेचाच्या वेळी पंतप्रधानांनी तसं का केलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, तशी भीती असल्यामुळेच तर गव्हर्नर जनरलनी त्यांना आधी कळू दिलं नाही.

मी हे पप्पांना फोनवर सांगितलं.

"म्हणजे ज्याचा हात आधी पोचेल तो?"

"तसंच काहीसं, पप्पा."

"आणि हे तुम्हाला सगळ्यांना चालतं?"

मी म्हटलं, चालतंय खरं. कसं चालतंय ते मला माहीत नाही. 'तुम्हाला' हा शब्द मात्र मला लागला. त्यांनी तो मुद्दाम वापरला नव्हता. आता मी त्या 'तुम्ही'तली होते, एवढंच.

"बरं," ते म्हणाले. मग विचारलं, तिकडे थंडी पडली का, आणि मॅडमचे टोमॅटो अजून येतायत की संपले.